पोरगी कुठल्या पटावर बसणार?

28 जुलै 2025ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवलं, महिला विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी थेट ग्रँडमास्टर झाली. आम्ही गोंदियावाले तेव्हापासून कॉलर ताठ करून फिरतोय. नागपूर म्हणजे आमचं शेजारघरच! पण बॉस, दिव्याचं कौतुक करताना मला एक जुनं नाव आठवतं. रोहिणी खाडिलकर. आपल्यापैकी किती जणांना माहितीये?

मुंबईच्या 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली. वासंतीनं 1974 साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी. त्या दशकात किताब या घरातून जणू हललाच नाही. त्यातले पाच एकट्या रोहिणीचे! पहिला मिळाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. 1981 साली हैदराबादच्या आशियाई स्पर्धेत तिनं 12 पैकी साडेअकरा गुण घेतले, एकही डाव न हरता. 1983 साली क्वालालंपूरला पुन्हा तीच.

तिची सगळ्यात मोठी लढत मात्र पटाबाहेर झाली. 1976 साली ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. झालं, गदारोळ! प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी 'फिडे'चे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निकाल दिला, बाई आहे म्हणून कुणालाही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही.

याचं एवढं काय? बुद्धिबळात माणूस वाढतो तो आपल्यापेक्षा तगड्या खेळाडूसमोर बसून. तेव्हा महिलांच्या गटात खेळाडू मोजक्या. तेवढ्यातच फिरत राहिलं तर खेळ पुढे कसा जाणार? ऑफिसातही तसंच ना! मोठं प्रोजेक्ट हातात आल्याशिवाय मोठं काम शिकणार कधी? 2024 साली दिव्या टाटा स्टीलच्या चॅलेंजर्स गटात पुरुषांसमोर बसली, तेव्हा तिला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

रोहिणी पुढे पत्रकारितेत गेली, 'संध्याकाळ'ची संपादक झाली. पाच किताबांची बरोबरी नंतर भाग्यश्री साठे-ठिपसेनं केली. विक्रम असेच गाठले जातात. उघडलेलं दार मात्र राहतं.

परवा गोंदियाहून भाचीचा फोन आला. बुद्धिबळ स्पर्धेच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत, 'मुली' आणि 'खुला'. "मामा, कुठं टिक करू?"

म्हटलं, खुल्यावर कर. हरशील बहुतेक. पण शिकशील तिथंच.