नाकासमोर, पण रांगत

घरात घाण वास यायला लागला की पहिला आरोपी ठरलेला असतो : उंदीर. ‘माळ्यावर मेला असेल बघ,’ असं कुणीतरी म्हणतं. मग माळा उपसला जातो, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे निघतात, हरवलेला पाट सापडतो, उंदीर काही सापडत नाही. वास आपला जागच्या जागी. बिचाऱ्या उंदराची बदनामी थांबवायची तर तपास जरा शिस्तीत करायला हवा.

पहिली अडचण म्हणजे आपलंच नाक. एकच वास सतत येत राहिला की मेंदू काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतो. म्हणून पाहुणा दारातच नाक मुरडतो आणि घरचे म्हणतात, ‘कुठे? आम्हाला तर नाही येत.’ उपाय फुकटचा आहे : खाली जाऊन एक फेरी मारायची आणि परत आल्यावर उंबरठ्यातला पहिला श्वास लक्ष देऊन घ्यायचा. अत्तराच्या दुकानांत नाक ‘ताजं’ करायला कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा फारसा उपयोग नाही. २०११ साली अमेरिकेत हे तपासून पाहिलं, तर कॉफी आणि साधी हवा सारखीच निघाली.

रांगा!

२००६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ३२ जणांना अक्षरशः रांगायला लावलं होतं. गवतात चॉकलेटचा वास लावलेली १० मीटरची दोरी टाकलेली. डोळ्यांवर पट्टी, कान बंद, हातांत जाड मोजे. फक्त नाकाच्या भरवशावर दोरीचा माग काढायचा. दोनतृतीयांश लोकांनी तो काढला, तोही कुत्र्यासारखा नागमोडी जात. सरावाने वेगही वाढला. एक नाकपुडी बंद केली तेव्हा मात्र गडबड व्हायला लागली, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांतल्या वासांची तुलना करून आपण दिशा ठरवतो.

त्यातही गंमत अशी की दोन्ही नाकपुड्या एका वेळी सारख्या चालत नाहीत. एक मोकळी, दुसरी जरा दाटलेली, आणि काही तासांनी अदलाबदल. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये याची नोंद केली. आपल्याकडचे योगी इडा-पिंगलेच्या भाषेत हे कितीतरी आधीपासून सांगत होते. तेव्हा सकाळी सापडला नाही तो वास दुपारी सापडू शकतो. गुडघे दुखत नसतील तर जरूर रांगा. बहुतेक गुन्हेगार जमिनीलगतच दडलेले असतात : फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर, कांद्या-बटाट्याच्या टोपलीचा तळ. सडलेला एक बटाटा काय करू शकतो, हे ज्याने अनुभवलंय तो उंदरावर पुन्हा कधी संशय घेणार नाही.

वासावरून चोर

सडक्या अंड्यांचा वास? बाथरूममध्ये जा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं आणि तेच गटारातल्या वायूला अडवून धरतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि गटाराचा हायड्रोजन सल्फाइड घरात येतो. दोन तांबे पाणी ओतलं की काम झालं. गावाला जाण्याआधी त्यावर चमचाभर गोडेतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. पाण्याने वास अडवणारा हा वाकडा पाइप संडासाला बसवून १७७५ साली त्याचं पेटंट घेतलं अलेक्झांडर कमिंग यांनी, आणि ते होते घड्याळजी. याच वायूची काळी बाजूही आहे. तो फार साचला तर नाकच बधिर करतो, वास येणं बंद होतं आणि गटारात उतरणाऱ्याला वाटतं धोका टळला. मॅनहोलमध्ये जीव जातात त्यामागे हेही एक कारण असतं.

मासळीचा वास येतोय आणि घरात मासळी आणलेलीच नाही? स्वयंपाकघर सोडा, गीझर आणि एसीचे स्विच, प्लग बघा. तापून जळायला लागलेल्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा असाच येतो. तसं असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. मासळी खरोखरच आणली असेल तर दोषी आहे ट्रायमिथाइलअमाइन. ते अल्कधर्मी, त्यामुळे आंबट लागलं की जागीच बसतं. कोकणात कालवणात कोकम पडतं आणि नंतर हातांना लिंबू चोळतात, त्यात चवीइतकंच रसायनशास्त्रही आहे.

गादीला कोथिंबिरीसारखा वास? अभिनंदन, ढेकूण झालेत. कोथिंबिरीचा तो हिरवा वास ज्या अल्डिहाइड वर्गातल्या रसायनांचा, त्यातलीच काही ढेकूणही सोडतात.

कौलारू घराच्या माळ्यावरून रात्री शिजत्या बासमतीचा घमघमाट आला तर मात्र भूत समजू नका. ते उदमांजर. बंगालीत त्याला गंधगोकुळ म्हणतात ते उगीच नाही. बासमती आणि आपल्या आंबेमोहोराच्या सुगंधामागे जे मुख्य रसायन आहे, तेच वाघाच्या हद्द आखण्याच्या फवाऱ्यातही असतं. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी ते दाखवून दिलं. वाघ माळ्यावर येत नाही, एवढाच दिलासा.

पावसाळ्यातले कपडे धुऊनही कुबट का मारतात? २०१२ साली जपानी संशोधकांनी त्याचा चोर पकडला : मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. कापड वाळलं तरी हा तग धरतो आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. २०१७ मध्ये जर्मनीत भांडी घासायचे १४ वापरलेले स्पंज तपासले, त्यांत ३६२ प्रकारचे जिवाणू निघाले, आणि हे महाशय तिथेही ठाण मांडून होते. नियमित ‘स्वच्छ’ केलेले स्पंजही त्यातून सुटले नाहीत. तेव्हा सरळ बदला.

आणि खरंच उंदीर मेला असेल तर? त्या वासातली दोन रसायनं, पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन, १८८५ च्या सुमारास बर्लिनच्या लुडविग ब्रीगर यांनी वेगळी काढली. तुम्हाला प्रयोगशाळा नको, हिरव्या-निळ्या चकचकीत माशा कुठे घोंघावतात तेवढं बघा. त्या माणसाच्या कितीतरी आधी पोहोचतात. उग्र कस्तुरीसारखा वास असेल तर मात्र उंदीर नव्हे, चिचुंद्री. ती जिवंतपणीच वास मारते.

हा वास मुद्दाम घातलेला

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो त्यात मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात १८ मार्च १९३७ रोजी बिनवासाचा गॅस साचून शाळेत स्फोट झाला, सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर गॅसला वास लावणं सक्तीचं झालं. त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या तेलकंपनीच्या लोकांना दिसलं, की पाइपलाइन जिथे गळते तिथे वर टर्की गिधाडं घिरट्या घालतात. त्यांना तो मेलेल्या जनावराचा वास वाटतो! आपल्याकडची गिधाडं डोळ्यांवर विसंबतात, तेव्हा ती या कामाची नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकाला फोन लावा. गॅस गीझरमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला कुणी असा वास लावलेला नाही, म्हणून बाथरूमला झरोका हवाच.

कधी गॅसचा गवगवा होतो आणि निघतं भलतंच. २०१८ मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाचं ग्रंथालय गॅसगळतीच्या भीतीने रिकामं केलं. शेकडो विद्यार्थी बाहेर. आत कपाटात एक सडका ड्युरियन, फणसासारखंच काटेरी फळ, वासाला त्याच्याही वरताण.

सगळ्यात लांबलेला तपास न्यूयॉर्कचा. २००५ पासून मॅनहॅटनवर अधूनमधून मेपल सिरपचा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. हा कसला नवा हल्ला, अशीही शंका निघाली. शेवटी तक्रारींची ठिकाणं आणि त्या वेळच्या वाऱ्याची दिशा नकाशावर जुळवली, तर बोट नदीपलीकडच्या न्यू जर्सीकडे गेलं. २००९ च्या फेब्रुवारीत महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं : तिथल्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालते. मेथी आणि मेपल सिरप, दोन्हींच्या वासात सोटोलोन हे एकच रसायन. न्यू जर्सीत मराठी माणसं काही थोडी नाहीत. बाळंतिणीसाठी लाडू वळायला आलेल्या एखाद्या आजींना विचारलं असतं, तर तीनेक वर्षं वाचली असती.