जुनी छऱ्याची बंदूक : ओळख व मूल्यनिर्धारण

छऱ्याची बंदूक म्हणजे आतून गुळगुळीत नळी असलेले, एका बारात शिशाचे अनेक छरे फेकणारे व खांद्याला लावून झाडावयाचे शस्त्र. भारतात वारसाहक्काने चालत आलेल्या अशा बंदुकांपैकी बऱ्याच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये वा बेल्जियममध्ये बनलेल्या आहेत. संस्थानिक, इनामदार, सरकारी अधिकारी आणि पीकसंरक्षणासाठी परवाना मिळालेले शेतकरी यांच्या घराण्यांत त्या आढळतात. त्यांची किंमत सामान्यतः नळ्यांमधील पट्टीवर कोरलेल्या नावावरून केली जाते. परंतु नाव हा सर्वांत दुबळा पुरावा होय. भरवशाचा पुरावा नळ्यांच्या तळाशी असतो व बंदूक सुटी केल्याखेरीज तो दिसत नाही.

तपासणीपूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करणे आवश्यक असते. ठासणीच्या बंदुकीत जुना बार वर्षानुवर्षे तसाच राहिलेला असू शकतो. नळीत गज घालून तो तोंडाशी जेथे येतो तेथे खूण करावी व मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून पहावा. त्याचे टोक केपाच्या जागेपासून बरेच अलीकडे राहिले, तर आत बार किंवा अन्य अडथळा आहे असे समजून बंदूक जाणकाराकडे सोपवावी.

बंदुकीचा स्थूल काळ तिच्या रचनेवरून कळतो. ठासणीच्या बंदुकीनंतर फ्रान्समध्ये लफोशो याने १८३० नंतरच्या दशकात मोडून भरावयाची, बाजूला खिळा असलेल्या काडतुसाची बंदूक प्रचारात आणली; १८६० नंतर बुडाच्या मध्यभागी केप असलेले काडतूस रूढ झाले. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कंपनीतील अँसन व डीली यांनी १८७५ मध्ये घोडे आत दडविलेल्या ‘बॉक्सलॉक’ यंत्रणेचे पेटंट घेतले. बाहेर घोडे असलेल्या बंदुका यानंतरही पुष्कळ वर्षे बनत राहिल्या. त्यामुळे केवळ घोडे दिसतात म्हणून बंदूक फार जुनी मानणे बरोबर नाही.

कसोटीचिन्हे : विक्रीपूर्वी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार उडवून तिची कसोटी घेण्याचा व उतरलेल्या नळीवर ठसा मारण्याचा इंग्लंडमध्ये कायदा आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशांत मुकुटासह एकमेकांना छेदणारे राजदंड असतात. १९०४ पासून त्यांच्या जागी मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ व ‘एनपी’ ही रोमन अक्षरे आली. यांपैकी ‘एनपी’ म्हणजे निर्धूम दारूची कसोटी. लंडनच्या अशाच ठशात तलवार धरलेला हात असतो. लंबवर्तुळातील ‘ईएलजी’ ही अक्षरे बेल्जियममधील ल्येझ शहराची होत. त्यांवर मुकुट असल्यास नळी १८९३ नंतरची ठरते.

नळीवरील आकडेही महत्त्वाचे असतात. एक पौंड शिशाच्या समान वजनाच्या जितक्या गोळ्या केल्या असता प्रत्येक गोळी नळीत नेमकी बसेल, तितका त्या नळीचा बोअर. १२ बोअरचा व्यास ०·७२९ इंच (सु. १८·५ मिमी.), तर २० बोअरचा ०·६१५ इंच भरतो, म्हणजे आकडा वाढतो तसा व्यास घटतो. १२ बोअरच्या जुन्या बंदुकीवर ‘१३’ हा आकडा पाहून पुष्कळ मालक गोंधळतात. चौकटीतील १२ हा काडतूस बसण्याच्या कोठीचा आकडा असतो व १३ हा पुढील नळीच्या आतील व्यासाचा. हा गोंधळ उपयोगाचाही आहे. १३ चा ठसा म्हणजे कसोटीच्या वेळी व्यास ०·७१० इंचाच्या आसपास होता. आज तो ०·७२९ इंच भरत असेल, तर गंज काढण्यासाठी नळी आतून कोरली गेली आहे व तिची भिंत तेवढी पातळ झाली आहे. अशी नळी कसोटीबाह्य ठरू शकते.

नाव : कलकत्त्याच्या मँटन, रॉड्डा किंवा लायन अँड लायन या पेढ्यांची नावे भारतातील अनेक बंदुकांवर दिसतात. पुष्कळदा अशी नावे विक्रेत्याची असत व बंदूक बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बनविलेली असे. यात कमीपणा काहीच नाही. फसवणूक असते ती वेगळीच : ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव बेल्जियमच्या स्वस्त बंदुकांवर घातले जाई, आणि त्याच नावाचा खरा इंग्रज कारागीरही होता. निर्णय शेवटी ठशांवरूनच करावा लागतो. पर्डीसारख्या काही कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या टिकून असल्याने अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्ष व पहिला ग्राहक कळू शकतो. ‘साहेबाने आजोबांना भेट दिली’ ही घरातील आठवण पुरावा ठरत नाही; अनुक्रमांक नोंदलेला जुना परवाना किंवा विक्रीची पावती ठरते.

दमास्कस नळ्या : लोखंड व पोलाद यांच्या पिळलेल्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून व ठोकून जोडलेल्या या नळ्यांवर नागमोडी नक्षी उमटते. ती धातूच्या अंगचीच असते. स्वस्त मालावर मात्र ती वरून छापलेलीही आढळते. यांतील बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या होत्या. निर्धूम दारूच्या कसोटीला काही उतरल्या, परंतु जोडांत शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही. धोका पोलादी नळ्यांतही असतो. जुन्या १२ बोअरच्या कोठ्या सामान्यतः २१/२ इंच (सु. ६५ मिमी.) लांबीच्या असत, तर आजची पुष्कळशी काडतुसे ७० मिमी. असतात. ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते. दुमडलेले काडतूस आखूड कोठीत सहज बसते. उडताना मात्र त्याचे तोंड पुढील अरुंद भागात उलगडते व दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. ‘काडतूस बसले, म्हणजे चालेल’ या समजुतीपायी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तज्ज्ञाने नळीच्या भिंतीची जाडी मोजल्याखेरीज जुनी बंदूक झाडू नये. इंग्रज व्यावसायिक २० सहस्रांश इंच ही सामान्यतः किमान मर्यादा मानतात.

मूल्य : बंदुकीची प्रत, मूळपण व अवस्था यांवर मूल्य ठरते. बाजूच्या पट्टीवर यंत्रणा बसविलेली लंडनची ‘साइडलॉक’ बंदूक सामान्य बॉक्सलॉकपेक्षा बरीच महाग असते; १ व २ असे क्रमांक घातलेली जोडी एकत्र राहिल्यास तिचे मोल दोन सुट्या बंदुकांहून अधिक होते. सुट्या केलेल्या नळ्या दोरीला टांगून हलकेच टिचकी मारल्यास घंटेसारखा नाद यावा. बद्द आवाज आल्यास मधली पट्टी सुटलेली असण्याचा संभव असतो. नळ्यांच्या तोंडांमध्ये फट दिसली, तर त्या कापून आखूड केल्या असाव्यात. यंत्रणा व नळ्या यांच्यातील सांध्यातून उजेड दिसणे हेही झिजेचे लक्षण होय. मूल्याची सर्वांत मोठी हानी मात्र मालकच करतो : पॉलिश कागदाने घासून नळ्या चकचकीत करणे, दस्ता तासून नवे रोगण देणे, पुसट कोरीवकाम पुन्हा कोरविणे. वारसाने तेलाचा हलका हात देऊन थांबावे.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ मधून जुनी किंवा नादुरुस्त शस्त्रे वगळली आहेत, पण ती दुरुस्त करूनही झाडता येऊ नयेत ही अट आहे. काडतुसाची जुनी बंदूक बहुधा या सवलतीत बसत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते व वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. धारकाचे वय ७० झाल्यावर किंवा परवान्याला २५ वर्षे झाल्यावर त्याच्या हयातीतही वारसाला तो मिळू शकतो (शस्त्र नियम, २०१६). २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली असून ती वडिलोपार्जित शस्त्रांनाही लागू आहे. परिणामी ग्राहक कमी झाले. त्यातच ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमामुळे खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. म्हणून लंडनमधील लिलावांचे आकडे येथील बंदुकीला लावण्यात अर्थ नसतो. येथे ग्राहक परवानाधारकच असावा लागतो व तो प्रथम नळ्यांच्या आत पाहतो.