जुन्या स्कूटरची हरवलेली ठिणगी

पुण्यांतील कित्येक जिन्यांखालीं अजूनही एखादी चेतक स्कूटर पोत्याखालीं झांकून ठेवलेली आढळते. बजाजची ही गाडी १९७२ सालीं निघाली. तिच्यासाठीं त्या काळीं लोक वर्षानुवर्षें नंबर लावून थांबत; त्यामुळें घरांत तिला वडीलधाऱ्या माणसाचा मान मिळाला. अशी गाडी किक मारून सुरू होईना, म्हणजे ‘कॉइल जळली’ असा निकाल मिळतो; नवी कॉइल बसते, तरीहि गाडी मूकच राहते, आणि अखेर ती भंगाराच्या कांट्यावर चढते. पुष्कळदां दोष हातभर तारेंत असतो.

पॉइंटांच्या जुन्या चेतकला ठिणगीसाठीं बॅटरी लागत नाहीं. फ्लायव्हीलमधील चुंबकें फिरूं लागलीं कीं आंतील स्थिर वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. पॉइंट हा प्रवाह नेमक्या क्षणीं तोडतात, कॉइलमध्यें हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होतो, आणि प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते.

आतां इंजिन बंद करण्याची कळ पाहावी. दिव्याची कळ जोडली कीं दिवा लागतो. येथें कळ जोडली कीं इंजिन विझतें! कारण ही कळ प्रवाह गाडीच्या धातूंत सोडून देते. कारागीर यासच ‘अर्थ करणें’ म्हणतात. तिच्या तारेचें वेष्टण झिजून तांबें लोखंडास टेंकलें, तर कोणीं न दाबतांच कळ कायमची दाबल्यासारखी होते.

म्हणून तपासणी क्रमानें करावी. प्लग काढून टोपीस जोडावा, त्याचें धातूचें अंग इंजिनास टेंकवावें, आणि किक मारावी. प्लगच्या भोंकापासून तो दूर असावा, जवळ पेट्रोल सांडलेलें नसावें, व तो उघड्या हातानें धरूं नये. झटका मोठा बसतो. ठिणगी निळी व कडक असेल, तर तारांचा पिच्छा सोडून पेट्रोलची वाट तपासावी. ती नसेल, तर खात्रीचा दुसरा प्लग लावून पाहावा.

तरीहि अंधारच असेल, तर जोडपेटींतील कळेची तार सोडवावी. एवढ्यानें ठिणगी उडाली, तर कॉइल निर्दोष ठरली; दोष कळेंत किंवा तिच्या तारेंत आहे. हँडल वळवितांच इंजिन बंद पडत असे, तर हा संशय आधींच घ्यावयास हवा होता. तार हँडलच्या नळींतून जाते आणि प्रत्येक वळणाला घासते. तार सुटी असतां इंजिन कळेनें थांबणार नाहीं; पेट्रोलचा कॉक बंद करावा लागेल.

एवढ्यानेंहि ठिणगी आली नाहीं, तर मात्र फ्लायव्हीलच्या खिडकींतून पॉइंट पाहावे. त्यांतील अंतर ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावें. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर बदलावा. असले भाग नाना पेठेंत मिळतात. आंतील तारांचें वेष्टण उष्णतेनें व तेलानें ठिसूळ होऊन गळलेलें असेल, तर फ्लायव्हील उतरविणें भाग आहे. तें पुलरनेंच उतरवावें. हातोड्याच्या घावांनीं चुंबकांचें बळ घटतें.