अध्यापकवर्गाचे समूह-छायाचित्र : इतिहासाचे एक साधन

विद्यापीठाच्या इतिहासासाठी आपण अहवाल, इतिवृत्ते आणि वार्षिकांक पाहतो. अध्यापकांचे समूह-छायाचित्र हेही तसेच साधन होय. मात्र ते वाचावे लागते.

१. कालनिश्चिती : फलकावरील संस्थेचे नाव काळाची मर्यादा सांगते. अमरावतीत १९२३ साली स्थापन झालेले किंग एडवर्ड कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले. संत गाडगेबाबांचे नाव त्यास नंतर मिळाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मधले. म्हणून ‘अमरावती विद्यापीठ’ अशी पाटी असलेले छायाचित्र १९८३ पूर्वीचे असू शकत नाही.

२. रचना : मधल्या खुर्चीवर प्राचार्य वा कुलगुरू, दोन्ही बाजूंस ज्येष्ठ अध्यापक, मागे उभे कनिष्ठ, असा सर्वसाधारण संकेत असतो. ही रचना अधिकाराचा क्रम दाखवते, विद्वत्तेचा नव्हे. कडेला उभ्या असलेल्या शिपायाचे नाव पुष्कळदा तळटीपेत नसते. ती उणीवही इतिहासच सांगते.

३. नामनोंद : नावे नसलेला चेहरा पुरावा ठरत नाही. निवृत्त अध्यापक हयात आहेत तोवरच ओळख पटवता येते. नावे मूळ छायाचित्रावर शाईने न लिहिता स्वतंत्र कागदावर लिहावीत. ओळख कोणी व केव्हा पटवली तेही नोंदवावे आणि संशयित नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

स्वाध्याय : आपल्या अभ्यासकेंद्रातील वा गावच्या शाळेतील एक जुने समूह-छायाचित्र निवडा आणि वरील तीन पायऱ्यांनी त्याचे वाचन करा.