घर पाहावे बांधून : हॉलंडमधील स्वस्त मोबाईल कंपन्यांची कहाणी



ज्या देशाच्या राजपुत्रावरून आपल्या बेटाला नाव मिळाले, त्या नेदरलँड्सबद्दल, म्हणजेच हॉलंडबद्दल, आपण शाळेत थोडेच शिकवतो. १५९८ मध्ये डच खलाशी येथे उतरले, मॉरित्स राजपुत्राचे नाव त्यांनी बेटाला दिले, ऊस व हरणे आणली आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. बस, इतकेच. आज मात्र त्या देशातील एका अगदी आपल्या काळातल्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. तेथे नव्या, स्वस्त मोबाईल कंपन्या कशा जन्मल्या, बाळपणी त्यांना कोणती दुखणी जडली आणि त्यांपैकी किती जगल्या, ही ती गोष्ट. विषय परका वाटेल. पण आपण जे रिचार्ज करतो, त्याचा भाव कोण ठरवतो हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

पाच घरांचे गाव

हॉलंडमध्ये आजच्या पद्धतीची मोबाईल सेवा १९९४ मध्ये सुरू झाली, ती पूर्वीच्या सरकारी टपाल व तार खात्यातून जन्मलेल्या कंपनीने. तीच पुढे केपीएन नावाने प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये लिबर्टेल ही दुसरी कंपनी आली. गावात दोनच दुकाने असली म्हणजे भाव कसे राहतात, हे सांगायला नको. म्हणून सरकारने १९९८ मध्ये नव्या लहरींचा लिलाव केला आणि टेलफोर्ट, डचटोन व बेन अशा तीन नव्या कंपन्या मैदानात उतरल्या. दीड कोटींहून थोड्या अधिक वस्तीच्या देशात आता पाच कंपन्या झाल्या.

यांत बेनची गोष्ट मोठी गमतीची. बेल्जियम व डेन्मार्क येथील टेलिफोन कंपन्यांनी मिळून ती काढली आणि १९९९ च्या आरंभी तिची सेवा सुरू झाली. डच भाषेत ‘बेन’ हे पुरुषाचे साधे नाव आहे, आणि ‘मी आहे’ म्हणताना जे क्रियापद येते तेही ‘बेन’च. ‘मी बेन आहे’ एवढीच तिची घोषणा. जाहिरातींतून साध्यासुध्या माणसांचे चेहरे दिसत. मोबाईल ही साहेबाची वस्तू नाही, तुमची-आमची आहे, असे तिला सांगायचे होते.

बाळपणीची दुखणी

पण घोषणा करणे सोपे आणि फोन लागणे कठीण! नव्या कंपनीला पहिले दुखणे जडते ते मनोऱ्यांचे. जुन्या कंपन्यांकडे ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. त्या दूर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. नव्यांच्या वाट्याला मुख्यतः १८०० मेगाहर्ट्झच्या लहरी आल्या. त्यांचा पल्ला कमी, म्हणून तेवढ्याच भागासाठी मनोरे जास्त उभारावे लागतात. म्हणजे ज्याच्याजवळ गिऱ्हाईक कमी, त्याचाच खर्च अधिक.

दुसरे दुखणे वरून दिसत नाही. एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या फोनवर लागला की पहिलीने दुसरीला काही शुल्क द्यावे लागते. समजा, शंभर माणसांच्या गावात नव्या कंपनीची दोनच माणसे आहेत. त्यांनी फोन केला तर तो बहुधा उरलेल्या अठ्ठ्याण्णवांपैकीच कोणाला तरी लागणार. मोठ्या कंपनीचे बरेचसे बोलणे घरातल्या घरात होते. लहानीचे जवळजवळ सगळे बोलणे शेजाऱ्याच्या अंगणात, आणि प्रत्येक वेळी अंगणाचे भाडे! हे भाडे किती असावे यावर देखरेख ठेवण्यासाठीच सरकारी नियामक मंडळ लागते. हॉलंडमध्ये १९९७ साली असे मंडळ स्थापन झाले. २०१३ पासून ते काम ग्राहक व बाजार प्राधिकरण पाहते.

तिसरे दुखणे गिऱ्हाइकाच्या मनातले. नंबर बदलेल या भीतीने माणूस महाग कंपनीलाही चिकटून राहतो. यावर हॉलंडने १९९९ मध्येच औषध काढले : कंपनी बदला, पण नंबर बरोबर न्या.

चौथे दुखणे पैशाचे. जुलै २००० मध्ये थ्री-जीच्या पाच परवान्यांचा लिलाव झाला. बोली लावणारे सहाच, आणि त्यांतले पाच जुनेच. व्हर्साटेल ही सहावी कंपनी तेवढी बाहेरची होती. ती मागे हटली आणि पाच परवाने पाच जुन्यांच्या पदरात पडले. आजच्या चलनात सरकारला सुमारे २७० कोटी युरो मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत पाच हजार कोटींहून अधिक मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बाहेरचा उमेदवार दाराशी टिकून राहण्याची किंमत कळते.

पुढे काय झाले? २००२ मध्ये बेन पूर्णपणे जर्मनांच्या टी-मोबाईलकडे गेली आणि २००३ मध्ये तिचे नावही पुसले गेले. टेलफोर्टला २००५ मध्ये केपीएनने विकत घेतले. डचटोनने मध्यंतरी ऑरेंज हे नाव घेतले होते, तिला २००७ मध्ये टी-मोबाईलने घेतले. दहा वर्षांच्या आत पाचाचे तीन झाले.

बिऱ्हाडकरू कंपन्या

मनोरे न बांधताही मोबाईल कंपनी काढता येते. मोठ्या कंपनीच्या जाळ्यावर घाऊक भावाने मिनिटे घ्यायची आणि आपल्या नावाचे सिमकार्ड विकायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर हे बिऱ्हाड करणे झाले.

हॉलंडमधले दोन बिऱ्हाडकरू आपल्या दृष्टीने विशेष आहेत, कारण दोन्ही कंपन्या श्रीलंकेतील तामिळ वंशाच्या तरुणांनी काढल्या. लेबारा ही २००१ मध्ये तीन मित्रांनी स्थापली आणि तिघांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून तिचे नाव केले : लिऑन, बास्करन, रथीसन. फोनकार्डे विकत विकत २००४ मध्ये त्यांनी हॉलंडमध्ये मोबाईल सेवा आणली. दुसरी लायकामोबाईल. तिनेही २००६ मध्ये धंद्याचा श्रीगणेशा हॉलंडमध्येच केला.

या दोघींनी हेरले होते की परदेशी राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्यापेक्षा आईशी अधिक बोलायचे असते. हेग शहरात सुरिनामहून आलेली हिंदुस्तानी वस्ती मोठी आहे. त्यांचे पूर्वज १८७३ पासून, ‘लल्ला रूख’ या पहिल्या जहाजापासून, गिरमिटिया म्हणून सुरिनामला गेले आणि १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाला त्या सुमारास पुष्कळ जण हॉलंडला आले. आपले पूर्वजही असेच गलबतावर चढले होते. दूर राहिलेल्या घराचा आवाज ऐकण्याची ओढ आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या ओढीला परवडेल असा भाव या कंपन्यांनी लावला.

पण बिऱ्हाडकरूची दुखणी वेगळी. घरमालक हाच त्याचा प्रतिस्पर्धी असतो. भाडे तोच ठरवणार, आणि समोर दुकानही तोच मांडणार. त्यात इंटरनेटवरून फुकट बोलणे सुरू झाले आणि परदेशी मिनिटे विकण्याचा धंदा घटू लागला. हा फटका मोठ्यांनाही बसला. २०११ मध्ये केपीएनने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवांवर वेगळा आकार लावण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा लोक खवळले आणि २०१२ मध्ये डच संसदेने असे करण्यास कायद्याने मनाई केली. युरोपात असा कायदा करणारा हा पहिला देश.

गिऱ्हाइकालाही कळा सोसाव्या लागतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे शिकायला गेली. तिने एका नव्या स्वस्त कंपनीचे सिमकार्ड घेतले. जुना नंबर नव्या कार्डावर यायला चार दिवस लागले, तोवर घरच्यांचा जीव टांगणीला. मदतीसाठी फोन केला तर उत्तर फक्त डच भाषेत. आठवड्याने सर्व सुरळीत झाले आणि महिन्याचा खर्च निम्म्यावर आला. ‘सर, त्रास झाला, पण परवडला,’ असे तिने लिहिले.

घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. एका बिऱ्हाडकरूने खरोखरच घर बांधायला घेतले. ही स्वीडनची टेले-टू. डिसेंबर २०१२ च्या लिलावात सरकारने नवागतांसाठी काही लहरी मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. एकूण लिलाव ३८० कोटी युरोंवर गेला. टेले-टूने १६ कोटी १० लाख युरोंत ८०० मेगाहर्ट्झच्या, दूर जाणाऱ्या लहरी मिळवल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिने स्वतःचे जाळे सुरू केले, तेही निव्वळ फोर-जीचे. गावात पुन्हा चौथे घर उभे राहिले.

निव्वळ फोर-जी म्हणजे बोलणेसुद्धा इंटरनेटच्या वाटेनेच जायचे. ज्या फोनमध्ये ही सोय नव्हती, त्यांना बोलण्यासाठी टी-मोबाईलच्या जुन्या जाळ्यावर जावे लागे. म्हणजे नवे घर बांधले, पण स्वयंपाकघर अजून जुन्या मालकाकडेच! शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये टेले-टू व टी-मोबाईल यांनी एकत्र येण्याचे ठरवले. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये विनाअट मान्यता दिली आणि २०१९ च्या आरंभी चौथे घर तिसऱ्यात सामावले. टेले-टूचा बाजारातील वाटा अवघा पाच टक्क्यांच्या आसपास, तेव्हा तिच्या जाण्याने स्पर्धेला फारसा धक्का बसणार नाही, असा आयोगाचा हिशेब होता. पाहा, मूल अशक्त राहिले हेच ते दत्तक देण्याचे कारण ठरले!

२०२२ मध्ये टी-मोबाईलचा डच धंदा गुंतवणूकदारांच्या हाती गेला आणि २०२३ मध्ये त्याने ओडिडो हे नाव घेतले. बेन मात्र २००८ मध्येच परत आली होती, पण स्वस्त सिमकार्डाचे एक नाव म्हणून, मोठ्या कंपनीच्या छत्राखाली. दुकानावर पाट्या अनेक, मनोऱ्यांचे मालक तीनच : केपीएन, व्होडाफोन-झिगो आणि ओडिडो.

आपण काय शिकावे?

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, तीही निव्वळ फोर-जीवर, आणि तिचे फोन इतर कंपन्यांवर लागेनात. पुरेसे जोडबिंदू दिले नाहीत म्हणून नियामक मंडळाने तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. दुखणे तेच, पण या बाळाच्या बापाची तिजोरी मोठी होती, म्हणून ते तगले. प्रत्येक बाळाला असा बाप मिळत नाही.

आपल्या बेटावर एमटेल १९८९ मध्ये आली, सेलप्लस १९९६ मध्ये. तिसरी एमटीएमएल. तिला २००४ मध्ये परवाना मिळाला. मुंबईकरांच्या घरोघरी फोन नेणाऱ्या महानगर टेलिफोन निगमची ही कन्या, म्हणजे आपली माहेरची पाहुणीच म्हणा ना! तिसऱ्या दुकानाचे मोल काय, हे हॉलंडच्या गोष्टीवरून ताडता येईल.

नव्या कंपनीकडे जाताना डोळे उघडे ठेवावेत. मनोरे कोणाचे, आपल्या घरात फोन लागतो का, आपल्या फोनला ती सेवा चालते का, नंबर बरोबर नेता येतो का, तक्रार कोठे करायची, हे आधी विचारावे. पण पहिल्या महिन्यात दोनदा फोन तुटला म्हणून तिला नावे ठेवू नयेत. हॉलंडमधल्या त्या तीन नव्या कंपन्यांपैकी एकही स्वतंत्र उरली नाही. तरी नंबर बरोबर नेण्याचा हक्क आणि लहानांसाठी राखलेल्या लहरी या गोष्टी नवागतांना वाट मिळावी म्हणूनच आल्या. उद्या कोणी नवा येऊ शकतो, एवढी धास्ती जोवर जुन्यांना आहे, तोवरच आपल्या रिचार्जचा भाव ताळ्यावर राहील. ते दार उघडे ठेवण्याचे काम सरकारचे, आणि ते उघडे आहे ना, हे विचारत राहण्याचे काम तुमचे-आमचे.