अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आणि क्रमवारीचं गणित

हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ओळखलं जातं. समजा, तिथे एखाद्या बंदिस्त हॉलमध्ये कुणी १० मीटर अंतर मोजलं, समोर नियमाबरहुकूम टार्गेट लावलं आणि एअर रायफलने ६० शॉट मारले. त्या मुलाचे किंवा मुलीचे जे गुण येतील, ते म्युनिकच्या रेंजवरच्या गुणांशेजारी जसेच्या तसे मांडता येतात. कुस्तीत असं होत नाही. तिथे समोरचा मल्ल कोण, यावर सगळं ठरतं. नेमबाजीत समोर कुणीच नसतं. असतो तो एक ठिपका, आणि तो जगभर सारखाच असतो.

मग क्रमवारी हवीच कशाला? गुण उतरत्या क्रमाने लिहिले की झालं. मलाही हे इतकं सरळ वाटायचं. पण खोलात शिरलं की कळतं, एका छर्र्याच्या छिद्रातून निघालेला आकडा किती वेगवेगळ्या रूपांत फिरतो, आणि प्रत्येक रूप वेगळ्याच माणसाला पहिलं ठरवू शकतं.

आधी ते छिद्र पाहू. एअर रायफलच्या टार्गेटवर ‘दहा’चा पांढरा ठिपका असतो, त्याचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. नेम धरायचा तो ठिपका छर्र्यापेक्षा नऊ पटींनी लहान! छर्रा त्याला नुसता शिवून गेला तरी दहा मिळतात. पण पूर्वी इथे संपणारा हिशेब आता इथून सुरू होतो. छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९. त्यापुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी: १०.८, १०.७, १०.६… ६० शॉटचे जास्तीत जास्त गुण होतात ६५४.

हे डोळ्यांनी मोजणं शक्यच नाही. म्हणून मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट आली. त्यांचा एक प्रकार तर कानाने पाहणारा आहे. छर्रा आरपार जाताना झालेला आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनपर्यंत किती अंतराने पोहोचला, त्यावरून यंत्र छर्र्याचा मध्य शोधून काढतं. २०१३पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश मोजू लागले, तेव्हा जुनं शिखर एका झटक्यात लहान झालं. २००४मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. चाळीसच्या चाळीस शॉट दहात! त्यापुढे जायला तेव्हा जागाच नव्हती. दशांश पद्धतीत त्याच ४० शॉटची कमाल ४३६ होते.

आता थोडं गणित, कारण खरी थक्क करणारी गोष्ट तिथेच आहे. आज पुरुषांच्या एअर रायफलमध्ये ६३०च्या आसपास गुण घेणारे बरेच आहेत. म्हणजे शॉटमागे साडेदहा. म्हणजे छर्रा मध्यापासून सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. समजा, एकाचे ६३०.६ झाले आणि दुसऱ्याचे ६३०.०. फरक शॉटमागे ०.०१ गुणाचा, टार्गेटवर मिलिमीटरचा चाळिसावा भाग. तेवढ्यासाठी एक जण संघात बसतो आणि दुसरा घरी.

इथपर्यंत गुण म्हणजे अंतर. अंतिम फेरीत मात्र खेळच बदलतो, कारण २०१३पासून तिथे सगळे शून्यावरून सुरुवात करतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेला याचा फायदा झाला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत त्याने ६०० पैकी ५९० गुण घेतले आणि तो सातवा आला. पहिल्या आलेल्या चीनच्या लिऊ युकुनचे होते ५९४. ती चार गुणांची पिछाडी अंतिम फेरीत पुसली गेली, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह स्वप्नीलने कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. त्याच पात्रता फेरीत ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ गुणांवर अकरावा राहिला. ६००मधला एकच गुण, आणि अंतिम फेरी गेली.

या प्रकारात पात्रता फेरीचे गुण पूर्ण अंकांत मोजतात, त्यामुळे बरोबरी सर्रास होते. ती सोडवायला ‘इनर टेन’ मोजतात, म्हणजे दहाच्या वर्तुळातही अगदी गाभ्याला लागलेले शॉट. निकालपत्रात ते ‘एक्स’ लावून लिहितात. स्वप्नीलचे होते ५९० आणि ३८ एक्स. बातम्यांत हा आकडा बहुधा गाळलेला असतो. वास्तविक काठावरच्या नेमबाजाचं नशीब त्यातच लिहिलेलं असतं.

आता क्रमवारी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची जागतिक क्रमवारी मिलिमीटर विचारत नाही, ती विचारते कितवा आलास. कुठल्या स्पर्धेत कितव्या स्थानाला किती गुण, हे ठरलेलं असतं. ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं वजन जास्त, विश्वचषकाचं त्याहून कमी, आणि जुने निकाल कालांतराने हिशेबातून गळून पडतात. त्यामुळे त्या यादीत टिकायचं तर सतत मोठ्या स्पर्धा खेळत राहावं लागतं. २००२मध्ये अंजली भागवत (पूर्वाश्रमीच्या वेदपाठक) १० मीटर एअर रायफलमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या होत्या. एखाद्या दिवशी पदक जिंकणं आणि यादीच्या डोक्यावर बसणं या दोन निराळ्या कर्तबगारी आहेत, आणि दुसरी मला जास्त अवघड वाटते. पॅरिसच्या काही जागा तर अशाच पात्रता क्रमवारीतून दिल्या गेल्या.

भारतात संघ निवडताना मात्र सगळा भर प्रत्यक्ष गुणांवर आणि त्यांच्या सरासरीवर असतो. इथली शिडी चढायची ती जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळणकर स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय, अशी. प्रत्येक पायरीला किमान पात्रता गुण ठरलेले. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया त्यांनीच १९५१मध्ये स्थापन केली. सभागृह सांभाळणाऱ्या या गृहस्थांचं नाव आज हजारो पोरांच्या तोंडी एक स्पर्धा म्हणून आहे, हे त्यांना कितपत रुचलं असतं कोण जाणे!

सरासरी वरवर निरुपद्रवी दिसते, पण सरासरी कशाची घ्यायची यावर पहिला नंबर फिरतो. कल्पना करा, चार चाचण्या आहेत. एकीचे गुण ६३०, ६३०, ६३०, ६३०. दुसरीचे ६३३, ६३२, ६३१ आणि एका वाईट दिवशी ६२०. चारही धरले तर पहिली पुढे: ६३० विरुद्ध ६२९. सर्वांत वाईट दिवस वगळला तर दुसरी पुढे, आणि तीही चांगली दोन गुणांनी. छर्रे तेच, छिद्रं तीच. नियम लिहिणाऱ्याला भरवशाची नेमबाज हवी की उंच झेप घेणारी, एवढंच त्यातून ठरतं. पॅरिससाठी दिल्ली आणि भोपाळला अशाच चार चाचण्या झाल्या आणि त्यांतले उत्तम तीन गुण धरले गेले.

या चाचण्यांत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अडकला. ऑक्टोबर २०२२मध्ये कैरोला तो १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्या वेळी अंतिम लढतीची रीत आणखी वेगळी होती: प्रत्येक फेरीत सरस शॉटला दोन गुण, बरोबरीला एकेक, आणि जो आधी १६ गाठेल तो विजेता. रुद्रांक्षने इटलीच्या दानिलो सोल्लाझोला १७-१३ असं हरवलं आणि भारतासाठी ऑलिंपिकची जागा आणली. ‘भारतासाठी’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. ती जागा, म्हणजे कोटा, देशाच्या नावे जमा होते, खेळाडूच्या नाही. चाचण्यांच्या सरासरीत रुद्रांक्ष पहिल्या दोघांत बसला नाही. अर्जुन बबुता आणि संदीप सिंग पॅरिसला गेले. बबुता अंतिम फेरीत २०८.४ गुणांवर चौथा आला, संदीप पात्रता फेरीत बारावा.

रुद्रांक्ष गेला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नाही. जगज्जेत्याला घरी बसवणारी पद्धत चुकीची, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला ते पटत नाही. दोन वर्षांपूर्वीचं सुवर्ण आजच्या नेमाची हमी देत नाही, आणि स्वप्नीललाही कैरोत चौथा येऊन आणलेल्या जागेसाठी पुन्हा चाचण्यांतूनच जावं लागलं होतं. तो त्यांतून तरला. त्याच प्रकारात भारताला दुसरी जागा मिळवून देणारा अखिल श्योराण मात्र बाहेर राहिला. पद्धत क्रूर आहे, पण ती दोघांनाही एकाच फूटपट्टीने मोजत होती.

एप्रिल २०२५मध्ये ब्युनोस आयर्सच्या विश्वचषकात रुद्रांक्षने १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकलं.