पाळीच्या मधल्या दिवसांत पांढरे का जाते? आजार कोणता, नैसर्गिक काय?

पालघर : अंगावरून पांढरे गेले की अंगातली ताकद जाते, असा समज राज्यात जुना आहे. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरही त्याला अपवाद नाही. त्यातून निरोगी मुली विनाकारण औषधे घेतात आणि ज्यांना खरोखर जंतुसंसर्ग झालेला असतो, त्या ‘बायकांना असे व्हायचेच’ म्हणत दुखणे अंगावर काढतात.

नेमके काय होते?
पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्याआधी काही दिवस इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते. त्यामुळे गर्भाशयाच्या मुखातून येणारा स्राव वाढतो. तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बुळबुळीत असतो. दोन बोटांत धरला तर तार निघते. बीज बाहेर पडल्यावर तो घट्ट आणि कमी होतो. याला औषध लागत नाही.

मूल हवे असलेल्या जोडप्यांसाठी हे दिवस महत्त्वाचे. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे गर्भधारणा टाळण्यासाठी केवळ स्रावावर विसंबू नये.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
• स्राव दह्याच्या गोळ्यांसारखा, सोबत खाज
• राखाडी किंवा हिरवट-पिवळा रंग, दुर्गंधी
• ओटीपोटात दुखणे, ताप, लघवीला जळजळ
• संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जाणे

गडचिरोलीत काय आढळले?
डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के होत्या.

कुठे जावे, काय टाळावे?
आशा सेविकेशी बोलावे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा संसर्गावर उपचार होतात. काही संसर्गांत जोडीदारालाही औषध घ्यावे लागते. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. योनीमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नये.

कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी पाळीची तारीख मोबाइलमध्ये नोंदवावी. स्राव मधल्या दिवसांतला आहे की भलत्या वेळचा, हे त्यावरून कळते आणि डॉक्टरांना सांगणेही सोपे जाते.